रोज सकाळी पडणारा ब्रेकर

"जगात गुप्तहेर दोन प्रकारचे असतात," दाजी सांगत. "एक, ज्यांना पुरावा लागतो. आणि दुसरा मी."

हे वाक्य नव्या माणसाला भेटल्यावर पहिल्या मिनिटात यायचं. दुसऱ्या मिनिटात आपली नजर ससाण्याची, कान हरणाचे आणि बुद्धी फक्त आपलीच, ही माहिती यायची. तिसरं मिनिट सहसा येत नसे, कारण समोरच्याला तोवर काहीतरी काम आठवलेलं असे. दाजींनी तीस वर्षं दूरध्वनी कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसून लोकांचं ऐकून घेतलं होतं. निवृत्तीनंतर कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवून ते गुप्तहेर झाले. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरचा हरवलेला चमचा शोधताना त्यांनी तीन कुटुंबांचं आपसातलं बोलणं बंद पाडलं. चमचा पुढे साखरेच्या डब्यात सापडला. बोलणं अजून सापडलेलं नाही.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा. तो एका डॉक्टरांकडे औषधं बांधून देई, म्हणून सगळे त्याला कंपाउंडर म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीनं स्वतःच्या लग्नात पाठवणीच्या वेळी भावाचा हात धरून सांगितलं होतं, "यांना सांभाळ." सर्वसाधारणपणे हे वाक्य दुसऱ्या बाजूला उद्देशून म्हणतात. पण ताईनं नवरा नीट पाहून घेतला होता.

प्रकरण सुरू झालं दवाखान्यात. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या बाईंनी कंपाउंडरला विचारलं, "चांगला वायरमन आहे का हो ओळखीत?" बाई म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षिका. न पाहिलेल्या नद्यांचे उगम आणि मुखं जन्मभर फळ्यावर काढून झाल्यावर त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि एक गाडीघर घेतलं. ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं आत असलेली लांबलचक गाडी. त्यात त्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्यांच्या सासूबाई. "मी मागे राहून काय भिंतींशी बोलू?" असं म्हणून सासूबाई पहिल्याच दिवशी उशी घेऊन आत जाऊन बसल्या होत्या. सध्या तळ्याकाठच्या मुक्कामतळावर त्यांची गाडी उभी होती.

"रोज सकाळी ब्रेकर पडतो," बाई म्हणाल्या. "कधी नऊला, कधी साडेनऊला. खट् करून सगळे प्लग बंद. मुलगा विमा कंपनीत आहे. जगातली प्रत्येक वस्तू कशी पेटेल, हेच त्याला आधी दिसतं. उद्या एक वाजता येतोय तो. म्हणालाय, अजून वीज जात असेल तर गाडी विकायची आणि दोघींनी मुकाट त्याच्या घरी यायचं. माझी एक नदी राहिलीय हो अजून."

शेवटचं वाक्य त्या हसून म्हणाल्या, पण हातातली गोळ्यांची पुडी त्यांनी फार घट्ट धरली होती. कंपाउंडर वायरमनचं नाव आठवू लागला, तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"जगात गुप्तहेर दोन प्रकारचे असतात."

दाजी आजारी नव्हते. ते तिथं निरीक्षणाला येऊन बसत.

दुसऱ्या दिवशी नवाच्या सुमाराला दोघं तळावर पोचले. दाजींच्या एका खिशात भिंग, दुसऱ्यात टेप आणि गळ्यात शिट्टी. तळावर पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीजवळ विजेचा एक खांब, खांबावर डबा आणि डब्यातून गाडीत गेलेली जाडजूड केबल. पन्नास पावलांवर एक माणूस शिडीवर चढून न्हाणीघरांच्या दारावरचा दिवा बसवत होता. त्याच्या कमरेला पक्कड आणि टेस्टर लटकत होते.

"त्याच्यावर नजर ठेव," दाजी कुजबुजले.

"दाजी, तो वायरमन आहे."

"म्हणूनच. जिथे वीज जाते तिथे हा. हा योगायोग?"

"जिथे वीज जाते तिथे त्याला बोलावतात."

"असं तो सांगतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कंपाउंडरच्या जिभेवर आली होती. पण ताईची आठवण होऊन त्यानं ती गिळली आणि तो गाडीघरात शिरला. दाराशीच एक छोटी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात ब्रेकरची रांग. त्यातला तिसरा मान टाकून पडला होता. त्यावर दहा आकडा होता. बाईंनी खटका वर केला आणि पाहुण्यांसाठी विजेच्या किटलीत पाणी ठेवलं. मागच्या बाजूला पडदा होता आणि पडद्यामागे सासूबाईंचा पलंग.

"त्यांना त्रास नको," बाई हळूच म्हणाल्या. "पायांना मुंग्या येतात, सकाळी जरा पडून असतात. ऐकूही कमी येतं."

"साक्षीदार बहिरा असेल तर निरुपयोगी," दाजींनी वहीत लिहिलं आणि पडदा ओलांडायचा विचार कायमचा सोडून दिला. मग त्यांनी ब्रेकरचं भिंगातून निरीक्षण केलं, टेपनं उंची मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, "हा पडलेला नाही. याला पाडलंय. आणि एक लक्षात ठेव कंपाउंडर, अशा प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी एक स्त्री असते."

"दोन आहेत," कंपाउंडर म्हणाला. "एक चहा करतेय, एक पडून आहे."

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून गाणं सुरू झालं. तिथले गृहस्थ दाढी करताना गात आणि दाढी संपली तरी गातच राहत. आवाज असा, की पत्र्याच्या पेटीवरचं झाकण हलकेच थरथरू लागलं.

दाजींचे डोळे चमकले. "हे रोज गातात?"

"रोज सकाळी," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"नऊ-साडेनऊला."

दाजींनी भिंग मिटून खिशात घातलं. मिटणारं भिंग त्यांनी खास या क्षणासाठी घेतलं होतं. "स्वरलहरी! कंपनानं खटका सैल होतो आणि खाली येतो. चल."

आजवर कुणी आपल्याला गायला सांगितलेलं नाही, हे शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "गाऊन दाखवा" म्हणताच त्यांनी तोंडावरचा साबण पुसायचंही सोडून दिलं आणि पायरीवर उभे राहून आवाज लावला. पहिलं कडवं झालं. ब्रेकर उभा. दुसरं झालं. पलीकडच्या गाडीनं खिडक्या लावून घेतल्या. गाडीघरात किटली सूं सूं करू लागली. चौथ्या कडव्यात गृहस्थ वरच्या पट्टीत चढले आणि त्याच क्षणी आतून आवाज आला.

खट्.

दाजींनी शिट्टी फुंकली. "पकडला! गळा जप्त!"

"पण मी तर..." साबणातले गृहस्थ म्हणाले.

"आणखी एक शब्दही गाऊ नका!"

कंपाउंडर आत गेला. किटली अर्धवट तापून गप्प झाली होती. पडद्यामागून किंचित गरम, शेकल्यासारखा वास येत होता. म्हातारपणाची औषधं असतील, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला. दिवसभर औषधांत राहिलेल्या माणसाला प्रत्येक वास औषधाचाच वाटतो. पण एवढं त्याला कळत होतं, की हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं काहीतरी झालंय. त्यानं खटका पुन्हा वर केला. शेजारी आता हिरमुसून गप्प बसले होते. पाच मिनिटांनी त्या शांततेत ब्रेकर पुन्हा पडला. पुढच्या दोन तासांत कंपाउंडरनं खटका जितक्यांदा वर केला तितक्यांदा तो असाच पडला.

"मनातल्या मनात गात असेल," दाजी म्हणाले.

"दाजी!"

"बरं, मग दुसरा धागा." दाजींनी वही उलटी धरून पान उघडलं. "या गुन्ह्याचा फायदा कुणाला? गाडी विकली गेली तर खूश कोण? बाई, क्षमा करा, पण ब्रेकर रोज पडावा असं कुणाला वाटतं? तुमच्या मुलाला! तुम्ही घर सोडायच्या आधी त्यानंच या पेटीला हात लावला असणार."

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. इतका वेळ त्या मजेत बघत होत्या. पण आता त्यांनी बशी ओट्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा भित्रा आहे. लबाड नाही. त्याचे वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून घरातून बाहेर पडताना प्रत्येक बटण दोनदा बघतो."

कंपाउंडरला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण गाडीघराची जमीन फळीची होती आणि खाली चाकं होती. घड्याळात साडेअकरा वाजले होते. तो उठला, पन्नास पावलं चालला आणि शिडीखाली उभा राहिला.

"जरा येता का? ब्रेकर पडतोय."

"सकाळीच आलो असतो की," वायरमन उतरता उतरता म्हणाला. "मला कुणी बोलावलंच नाही. एक गृहस्थ मात्र मघापासून भिंगातून माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, पक्षीनिरीक्षक आहेत."

वायरमन अंगानं किरकोळ आणि बोलण्यानं त्याहून किरकोळ होता. त्यानं पेटी पाहिली, ब्रेकरवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. "गरम आहे. या ब्रेकरवर काय काय चालतं?"

"किटली," बाई म्हणाल्या. "आणि मोबाइलचा चार्जर. बस."

"सगळे प्लग काढू. एकेक लावत जाऊ. ज्यानं पडेल तो चोर."

"इतकं सरळ?" दाजींनी तुच्छतेनं विचारलं.

"वीज सरळच असते साहेब. माणसं वाकडी."

त्यानं किटली काढली. चार्जर काढला. मग खाली वाकून भिंतीच्या कडेनं बघत गेला. "प्लग दोन म्हणालात. इथे तिसरी वायर आहे. पडद्याकडे गेलीय." त्यानं ती हळूच हातात धरली, आणि पडद्यामागून खणखणीत आवाज आला.

"अरे, ती नको काढू! मोजे गार होतील!"

बाईंनी पडदा सारला. पलंगावर सासूबाई पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. समोर घडी केलेल्या टॉवेलवर लोकरीचे मोजे होते आणि मोज्यांवर फिरत होती इस्त्री. जुनी, लोखंडी बुडाची, भलीमोठी.

दाजी दोन पावलं पुढे आले. "मी म्हटलं होतं! प्रकरणाच्या मुळाशी स्त्री!"

"इस्त्री," वायरमन म्हणाला.

"आई," बाई इस्त्रीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही रोज?"

"रोज कुठे? सकाळी फक्त. पायात गोळे येतात थंडीनं. मोजे शेकून घातले की पाय जमिनीवर टेकवता येतात." सासूबाईंनी इस्त्रीवर कौतुकानं थाप मारली. "आणि शहाणी आहे हो ही. मोजे गरम झाले की आपली आपण बंद पडते."

कुणीतरी हसलं. ते शेजारचे गृहस्थ होते. साबण सुकलेल्या चेहऱ्यानं ते दारात उभे होते. कंपाउंडरनं सकाळपासून ब्रेकर मोजले होते, प्लग मोजले होते, कडवी मोजली होती. मोजे मात्र कुणी मोजले नव्हते.

"मला सांगायचं नाही का?" बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"तूच म्हणालीस ना निघताना, गाडीत जागा कमी, ओझं कमीत कमी घ्यायचं. इस्त्री तर उशीत लपवून आणली. मग त्यात पायांच्या दुखण्याचं ओझं कशाला सांगायचं?"

बाईंनी त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चोळू लागल्या. "तुमचं कसलं ओझं हो," असं त्या पायांशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. सगळे पुरुष खिडकीतून तळ्याकडे बघू लागले. तळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"किटली आणि इस्त्री एका वेळी," वायरमननं घसा साफ करून सांगितलं. "दहाच्या ब्रेकरवर चौदा-पंधरा अँपिअरचा भार. तो बिचारा पडणारच. त्यासाठीच तो असतो." त्यानं इस्त्रीचा प्लग काढला, खटका वर केला आणि एकटी किटली लावली. सगळे बघत उभे राहिले. पाणी गुणगुणू लागलं, आणि खट्.

दाजींच्या अंगात पुन्हा बारा हत्तींचं बळ आलं. "आजी निर्दोष! मी आधीपासून म्हणत होतो!"

"किटली बाहेर आणा," वायरमन म्हणाला. त्यानं ती खांबावरच्या डब्यात लावली. तिथे ती बिनतक्रार उकळली. "किटली चांगली आहे. वायरिंग तपासतो." त्यानं एक यंत्र लावून पेटीपासून प्लगपर्यंतच्या तारा पाहिल्या. त्याही चांगल्या निघाल्या. "म्हणजे ब्रेकर दमलाय. किती महिने पडतोय?"

"पाच."

"पाच महिने रोज पडला तर माणूसही उठायचा नाही. बदलू."

"मग मोठा बसवा," दाजींनी हुकूम सोडला. "दहाचा पडतो ना? वीसचा घाला. प्रश्नच मिटला."

"प्रश्न मिटेल," वायरमन त्याच सुरात म्हणाला. "ब्रेकर पडणार नाही. मग आतली तार तापेल. मग भिंत. मग गाडी. तार दहाची आहे, ब्रेकर दहाचाच."

घड्याळात साडेबारा झाले होते. वायरमननं खांबावरचं बटण बंद करून जाड केबल उपसून काढली आणि अवजारांची पेटी आणायला शिडीकडे गेला. जाताना म्हणाला, "हात लावू नका कुणी."

हे वाक्य दाजींना कधीच लागू नसे. "केबल बाहेर, म्हणजे वीज बाहेर," ते म्हणाले. तिसऱ्या ब्रेकरवर बाहेरूनही दिसणारा काळपट डाग त्यांना पुरावा वाटला. त्यांनी झाकणाचे दोन स्क्रू फिरवले, झाकण उघडलं आणि पुरावा खरवडण्यासाठी खिशातून लोखंडी टेपचं टोक बाहेर काढलं.

पुढे काय झालं ते कंपाउंडरला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. एवढंच, की ताईचं लग्न, पाठवणी आणि तो हात एकदम डोळ्यांपुढे आला. त्यानं दाजींना मागून कमरेला मिठी मारली आणि दोघं धाडकन जमिनीवर बसले. टेप सरसर आत गेली.

"मेहुणा असून हल्ला?" दाजी ओरडले.

परत आलेल्या वायरमननं एक नजर टाकली. त्यानं आधी शेजाऱ्यांच्या खांबावर टेस्टर लावून तो चालतो हे पाहिलं, मग तोच टेस्टर आत आणून त्या उघड्या पेटीतल्या तारेला लावला. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

"पण केबल तर काढलीय!" दाजींचा आवाज बारीक झाला.

"आत इन्व्हर्टर आहे. बाहेरची वीज गेली की बॅटरीवर आपोआप चालू होतो." वायरमननं पलंगाखालचं कपाट उघडून इन्व्हर्टर बंद केला आणि बॅटरीची तार सोडवली. पुन्हा टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. "आता हात लावायचा. त्याच्या आधी नाही."

दाजी जमिनीवरच बसून राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीही बाहेर येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नात्यात कंपाउंडरनं हे पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं नाडी पाहिली. ती धावत होती.

जुना ब्रेकर निघाला तेव्हा त्याच्या स्क्रूखाली तारेचं टोक काळं पडलेलं दिसलं. गाडी चालते, हादरे बसतात, स्क्रू ढिले होतात, ढिल्या जागी तार तापते, असं वायरमननं चार शब्दांत सांगितलं. त्यानं जळकं टोक कापलं, नवं सोललं, अवजारांच्या पेटीतून तसाच, त्याच मापाचा, दहाचा ब्रेकर काढून बसवला, स्क्रू आवळला आणि तार ओढून पाहिली. शेजारचे स्क्रूही आवळले. झाकण लावलं. मग बॅटरी, मग केबल, मग खांबावरचं बटण, मग आतलं मुख्य, आणि शेवटी तिसरा खटका.

किटली लागली. पाणी गुणगुणलं, खदखदलं, वाफ खिडकीला लागली आणि किटली आपली आपण बंद झाली. ब्रेकर जागच्या जागी उभा होता.

"पण माझे मोजे?" पडद्याजवळून प्रश्न आला.

"अंथरुणावर इस्त्री नको, आजी," वायरमन म्हणाला. तेव्हा दाजी उठले. त्यांनी पाठ फिरवली, शर्टाच्या आत हात घातला आणि कमरेला पट्ट्यानं बांधलेली एक रबरी शेकायची पिशवी बाहेर काढली. कंपाउंडरला ती माहीत होती. दवाखान्यातून त्यानंच आणून दिली होती. पण ती जगात आणखी कुणालाही माहीत नव्हती, कारण ससाण्याची नजर असलेल्या माणसाची कंबर धरते हे दाजींना मान्य नव्हतं.

"यात किटलीचं पाणी भरा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वीज लागत नाही. पायाशी ठेवा."

"आणि तुला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय झालंय!" असं म्हणून दाजी ताठ उभे राहिले. त्यांच्या तोंडून एक बारीक "आई गं" निसटलं.

एक वाजायला पाच मिनिटं असताना मुलगा आला. एका हातात आग विझवायचं नळकांडं, दुसऱ्या हातात गाडी विकण्याचा फॉर्म. त्यानं दारातूनच पेटीकडे पाहिलं, वायरमनला दहा प्रश्न विचारले, त्यांची दहा उत्तरं ऐकली, किटली स्वतः लावून पाणी दुसऱ्यांदा उकळून पाहिलं आणि मग आपला चार्जरही लावला. ब्रेकर हलला नाही.

मुलगा मात्र जरासा हलला. तो आजीच्या पलंगावर टेकला. पांघरुणाखाली पिशवीवर पाय ठेवून आजी झोपी गेली होती, आणि इस्त्री बाईंच्या मांडीवर थंड पडली होती.

"आई," तो म्हणाला, "मला घरी एकट्याला जेवण जात नाही. हे विजेचं वगैरे आहेच. पण ते पण आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून ओट्यावरचा नकाशा ओढला आणि त्याच्या हातातल्या फॉर्मवर पसरला. "ही नदी इथे समुद्राला मिळते. शनिवारी आम्ही तिथे असू. तू गाडीनं तीन तासांत येशील."

"कुठे झोपू मी?"

"वरच्या फळीवर. पाय बाहेर राहतील."

मुलगा फळीकडे बघत राहिला, ती किती वजन पेलेल याचा हिशेब करत. मग नकाशावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "रस्ता कसा आहे?"

परतीच्या वाटेवर कंपाउंडर गाडी चालवत होता आणि दाजी बाजूला वाकडे होऊन बसले होते. खड्डा आला की ते डोळे मिटत. कंपाउंडर खड्डे चुकवत होता.

"त्या आजींचे पाय बरे राहतील ना रे?" दाजींनी अचानक विचारलं.

"राहतील."

"बरं झालं." त्यांनी पाठीमागे हात घालून कंबर चेपली. "तू मला पाडलंस त्याबद्दल मी तुझ्या ताईला काही सांगणार नाही."

"मीही नाही सांगणार, दाजी."

"दवाखान्यात दुसरी पिशवी आहे का?"

"आहे."

"आधी तिकडे घे," दाजी म्हणाले. "पण हळू."